चार टनांची खोली

‘ट्रॅव्हलर’ या खेळाच्या नियमपुस्तिकेत स्टेटरूमबद्दल जेमतेम एक परिच्छेद आहे. एका माणसाची राहण्या-झोपण्याची सोय, जागा चार टन, किंमत पाच लाख क्रेडिट, आणि काहीही झालं तरी एका खोलीत दोनांपेक्षा जास्त माणसं नाहीत. १९७७ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातून गेम डिझायनर्स वर्कशॉप या कंपनीने तीन काळ्या पुस्तिकांची ही पेटी बाजारात आणली. खेळ रचला होता मार्क मिलर यांनी. दुसऱ्या पुस्तिकेत अंतराळयान कसं बांधायचं ते दिलं होतं. ती उघडली की नजर आधी इंजिनांच्या तक्त्यांवर जाते, मग तोफांवर, मग किमतींवर. खोलीचा परिच्छेद राहून जातो. पुढच्या पानांतले नकाशे त्या परिच्छेदासाठी काढलेले आहेत, आणि ही प्रस्तावना लिहायला मी लगेच हो म्हटलं ते त्यामुळेच.

ज्यांनी असे खेळ खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एकजण रेफरी होतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र सांभाळतात. रेफरी प्रसंग सांगतो, पात्रं काय करतात ते खेळाडू सांगतात, आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकले जातात. ट्रॅव्हलरमध्ये ही पात्रं बहुधा एखादं जुनं यान हप्त्यावर घेऊन या ग्रहावरून त्या ग्रहावर माल आणि माणसं पोचवत असतात. जंप मारली की पुढच्या ताऱ्यापाशी पोचायला सुमारे एक आठवडा लागतो, अंतर कितीही असलं तरी. त्या आठवड्यात बाहेर काही दिसत नाही, कोणाला संदेश पाठवता येत नाही, कोणाचा येत नाही. बहुतेक रेफरी हा आठवडा एका वाक्यात उरकतात: ‘आठवड्यानंतर तुम्ही पोचता.’ मला हे नेहमीच उधळपट्टीचं वाटत आलं आहे. कर्जात बुडालेली चार-पाच माणसं एका बंद डब्यात सात दिवस कोंडलेली आहेत, आणि आपण ते दिवस सोडून देतो!

ते सोडून द्यायचे नसतील तर नकाशा लागतो. झोपायची, जेवायची, आंघोळीची जागा आखताना आपण खरं तर कोण कोणाला रोज भेटणार आणि कोणाला कोण टाळू शकणार नाही, हे ठरवत असतो. यानाचा पुढचा-मागचा भाग कसाही असो, गोष्ट या मधल्या भागात घडते.

आता तो टन. ट्रॅव्हलरमधला टन वजनाचा नाही, जागेचा आहे. एक टन द्रवरूप हायड्रोजन जेवढी जागा व्यापतो तेवढी, म्हणजे सुमारे १४ घनमीटर. यानाचं इंधन हायड्रोजनच असल्यामुळे हे माप सोयीचं पडतं. कागदावर दीड मीटरचे चौकोन आखायचे, मजल्याची उंची तीन मीटर धरायची, की दोन चौकोन म्हणजे जवळजवळ एक टन होतो. चार टनांचे आठ चौकोन, अठरा चौरस मीटर. पण नियमपुस्तिकाच पुढे सांगते की प्रत्यक्ष खोली याहून लहान असते; उरलेली जागा बोळ, स्वयंपाकघर आणि बसण्या-उठण्याच्या खोल्यांसाठी धरलेली आहे. आखणाऱ्याचं खरं स्वातंत्र्य इथे सुरू होतं. दहा खोल्यांच्या यानात प्रत्येक खोलीतून एकेक टन काढून एकत्र केला तर वीस चौकोन मिळतात, साधारण पाचशे चौरस फूट. ते सगळे लांब बोळात घालवता येतात, किंवा बोळ आखडून एक ऐसपैस दिवाणखाना करता येतो. खोल्या आणखी लहान केल्या तर दोन दिवाणखाने होतात, एक प्रवाशांचा आणि एक नोकरमंडळींचा. नियमांच्या दृष्टीने तिन्ही यानं सारखीच, किंमतही तीच. खेळायला बसलं की मात्र तिन्हींत तीन वेगळ्या गोष्टी निघतात.

पैशांचा हिशेब इथे टाळता येत नाही, कारण ट्रॅव्हलरमध्ये खरा खलनायक बँकेचा हप्ता असतो. दोनशे टनांचं ‘फ्री ट्रेडर’ हे या खेळातलं सगळ्यांत ओळखीचं यान. किंमत ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिट. हप्ता दरमहा किमतीचा दोनशे चाळिसावा भाग, म्हणजे १,५४,५००, आणि असे ४८० हप्ते. चाळीस वर्षं! यानावर दहा स्टेटरूम आहेत आणि चार माणसांचा ताफा: पायलट, इंजिनिअर, डॉक्टर, स्ट्युअर्ड. चौघांना चार खोल्या दिल्या की प्रवाशांना सहा उरतात. वरच्या वर्गाचं तिकीट दहा हजार. आता चौघांना दोन खोल्यांत दोघं-दोघं कोंबलं तर आणखी दोन प्रवासी घेता येतात, खेपेला वीस हजार वाढतात, महिन्याला दोन खेपा धरल्या तर चाळीस. हप्त्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. त्यात भर म्हणजे नियम सांगतो की वरच्या वर्गाच्या आठ प्रवाशांमागे एक स्ट्युअर्ड पुरतो. सहाऐवजी आठ प्रवासी घेतले तरी पगार एकाच स्ट्युअर्डचा. असं वाटतं की तक्ते बनवणाऱ्याने मोह बरोबर मोजून ठेवला आहे. मोहाला बळी पडायचं की नाही हे खेळाडूंनी ठरवायचं. पण बळी पडलात तर इंजिनिअर कोणाबरोबर झोपणार? पायलटच्या दुप्पट घोरणाऱ्या डॉक्टरबरोबर? ज्या स्ट्युअर्डला पगार महिना तीन हजार आणि ज्या पायलटला सहा, त्या दोघांनी एक कपाट कसं वाटून घ्यायचं? एवढ्यावर एक अख्खी संध्याकाळ खेळता येते, एकही गोळी न झाडता.

गोळीचा विषय निघालाच आहे तर सांगतो की जुने नकाशे राहण्यासाठी काढलेले नसत, मारामारीसाठी काढलेले असत. १९७९ साली याच कंपनीने ‘स्नॅपशॉट’ हा यानाच्या आतल्या चकमकींचा खेळ काढला. पुढच्या वर्षी साठ हजार टनी युद्धनौकेच्या मजल्यांचे नकाशे असलेला ‘अझान्ती हाय लाइटनिंग’ आला. दीड मीटरच्या चौकोनाची खरी सोय तिथे कळते: एका चौकोनात एक लढवय्या. नकाशात पलंग असतो तो आडोसा म्हणून, आणि दार असतं ते उडवायला. या वारशाचं एक लक्षण आजही दिसतं. हौशी लोकांनी काढलेल्या कित्येक नकाशांत शस्त्रागार दोन असतात आणि संडास एकही नसतो. पुढच्या नकाशांत संडास आहेत, पुरेसे आहेत, आणि त्यांपैकी एक नेहमी बिघडलेला दाखवला आहे. संपादकांच्या या खोडीला माझी पूर्ण संमती आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सातव्या वर्गाच्या पाणबुड्यांवर चाळीस-पन्नास माणसं असत आणि संडास दोन. मोहिमेच्या सुरुवातीला त्यातला एक खाण्याच्या सामानाने भरलेला असे. रेफरीला यापेक्षा चांगलं नाट्यबीज सुचणं कठीण.

चार टन म्हणजे खरोखर किती, हे समजायला खऱ्या जगाकडे पाहिलं पाहिजे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या ‘हार्मनी’ या भागात चार निजायच्या खोपट्या आहेत. प्रत्येकीत साधारण २.१ घनमीटर जागा. ट्रॅव्हलरची स्टेटरूम, तिच्या वाट्याच्या बोळासकट, ५६ घनमीटर. म्हणजे मिलर यांचा गरीब, कर्जबाजारी व्यापारी आजच्या अंतराळवीरापेक्षा कितीतरी ऐषारामात राहतो. त्याच्या जगाचा साचा मुळी अंतराळवीरांचा नाहीच, दर्यावर्दी माणसांचा आहे. बातमी जहाजाच्या वेगानेच जाते, कप्तान बंदरापासून दूर असला की स्वतःच कायदा, आणि तिकिटाच्या वर्गावरून माणसाची पायरी ठरते.

त्या जगात आपली माणसंही होती. ब्रिटिश आगबोटींवर डेकवरचे खलाशी म्हणून रत्नागिरीकडची माणसं जात, आणि जेवणाच्या सलूनमध्ये वाढपी, आचारी म्हणून गोव्याची. सारंग, तांडेल, भंडारी अशी त्यांची उतरंड असे. १८९४च्या ब्रिटिश जहाज कायद्याने प्रत्येक खलाशाला किमान ७२ घनफूट जागा ठरवून दिली होती. हिंदुस्थानी कायद्यात लस्करांसाठी, म्हणजे हिंदुस्थानी खलाशांसाठी, आकडा होता ३६ घनफूट, म्हणजे जेमतेम एक घनमीटर. १९०६ साली ब्रिटिश खलाशांचा आकडा १२० वर गेला, लस्करांना त्यातून वगळलं. एकाच जहाजावर, एकाच वादळात, एकाच मजल्याखाली दोन मापं. खेळासाठी यान आखणाऱ्याने हे आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत असं मला वाटतं. कारण नियमपुस्तिका सगळ्यांना चार टन देते आणि आपण भाबडेपणाने सगळ्या खोल्या सारख्या काढतो. साम्राज्य म्हटलं की खोल्या सारख्या नसतात. कोणाला पूर्ण माप मिळतं, कोणाला निम्मं, आणि ते कोणत्या कागदावर लिहिलेलं आहे, हे ठरवलं की काल्पनिक साम्राज्याचा इतिहास निम्मा लिहून झाला. आज व्यापारी जहाजांसाठी २००६चा आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार आहे. त्यात मालवाहू जहाजावरच्या एकट्याच्या खोलीला जहाजाच्या आकारानुसार किमान ४.५ ते ७ चौरस मीटर, आणि पलंग आतून किमान १९८ बाय ८० सेंटीमीटर, असं मापून दिलेलं आहे. ज्यांना वास्तवाला धरून नकाशा काढायचा आहे त्यांना हा दस्तऐवज कुठल्याही विज्ञानकथेपेक्षा उपयोगी पडेल.

आता टेबल. खरं तर पहिली आखायची वस्तू तीच. १९७९च्या ‘एलियन’ चित्रपटात नोस्ट्रोमो यानावरची माणसं दीर्घ झोपेतून उठून पहिल्यांदा एकत्र येतात ती जेवणाच्या टेबलाशी, आणि इंजिनखान्यातले पार्कर आणि ब्रेट तिथेच बोनसच्या वाट्याचा विषय काढतात. राक्षस अजून यायचा असतो, पण यानावर कोण वर आणि कोण खाली हे आपल्याला कळून चुकलेलं असतं. उलट टोकाचं उदाहरण १९७३ साली सोडलेल्या स्कायलॅबचं. तिथलं जेवणाचं टेबल तिघांसाठी तिकोनी केलं होतं, म्हणजे कोणी एक मुख्य जागेवर बसलेला दिसू नये. रेमंड लोवी या नामवंत डिझायनरचा नासाने सल्ला घेतला होता. प्रत्येकाला खाजगी कोपरा हवा, एकत्र जेवायची जागा हवी आणि तिथे खिडकी हवी, असा त्यांचा आग्रह होता. इंजिनिअरांना खिडकी म्हणजे उगाच एक कमकुवत जागा वाटत होती. खिडकी झाली. तुमच्या यानावर टेबल लांबट आहे की गोल, ते जमिनीला ठोकलेलं आहे का, त्याला माणसांपेक्षा एक खुर्ची कमी आहे का, हे ठरवायला पाच मिनिटं लागतात, आणि त्यातून पुढचं वर्षभर संवाद निघत राहतात.

खिडक्यांच्या बाबतीत मात्र माझा संपादकांशी मतभेद आहे. त्यांनी जवळजवळ प्रत्येक नकाशात एक तरी खिडकी दिली आहे. जंपच्या आठवड्यात बाहेर पाहण्यासारखं काही नसतं, तेव्हा खिडकी ही फक्त बंदरावरची चैन. त्याऐवजी मी गालीना बालाशोवा यांच्याकडे पाहीन. या सोव्हिएत वास्तुविशारद बाईंनी सोयूझपासून मीरपर्यंत अनेक यानांच्या आतल्या सजावटीचं काम केलं. जिथे वजनच नाही तिथे वर-खाली माणसाला कळावं म्हणून त्या जमीन, भिंत आणि छत यांना वेगवेगळे रंग देत, आणि सोयूझच्या आत त्यांनी स्वतः रंगवलेली निसर्गचित्रं लावलेली असत. नकाशाच्या कडेला चार शब्द लिहायचे, ‘हिरवी जमीन, पांढरं छत’, की ती खोली खेळाडूच्या डोळ्यांसमोर उभी राहते. चौकोन मोजून ती राहत नाही.

वर-खालीचा प्रश्न मोठाही आहे. ट्रॅव्हलरमध्ये कृत्रिम गुरुत्वाकर्षण असल्यामुळे यान बोटीसारखं आडवं आखता येतं: पुढे चालकाची खोली, मध्ये निवास, मागे इंजिन. ज्या खेळांत ही सोय नाही, उदाहरणार्थ ‘द एक्स्पान्स’, तिथे इंजिनाचा रेटा हेच गुरुत्वाकर्षण असतं आणि मजले इमारतीसारखे एकावर एक चढतात. बोळ जातात आणि शिडी येते. बोळात दोन माणसं एकमेकांना वाट देतात. शिडीवर एकाला मागे फिरावं लागतं. (‘एक्स्पान्स’च्या कादंबऱ्यांचं जग आधी टाय फ्रँक यांनी चालवलेल्या अशाच एका खेळात वाढलं होतं, हे जाताजाता.) या पुस्तिकेत उभी यानं कमी आहेत, ती पुढच्या आवृत्तीत वाढावीत.

परग्रहवासीयांच्या निवासावरचं प्रकरण मी सगळ्यांत आवडीने वाचलं. ट्रॅव्हलरच्या जगात क’क्री नावाची एक जमात आहे. त्यांच्यावरचं स्वतंत्र पुस्तक १९८४ साली आलं. चार पायांचे, कळपाने राहणारे, कट्टर शाकाहारी, आणि कोंदट जागेची भयानक भीती असणारे. त्यांना चार टनांची बंद खोली म्हणजे छळ. त्यांची यानं आतून मोकळ्या माळासारखी, एकट्याची खोली ही कल्पनाच नाही, आणि मांस खाणाऱ्या माणसाचा नुसता वास आला तरी त्यांचं डोकं फिरतं. असा एक प्रवासी तुमच्या फ्री ट्रेडरवर चढला तर काय होईल हे मराठी खेळाडूंना विस्ताराने सांगायची गरज नाही. सोसायटीच्या जिन्यात सुकट भाजल्याचा वास पसरल्यावर ज्या सभा भरतात, त्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना आंतरतारकीय राजनीती उपजतच येते. संपादकांनी इथे स्वयंपाकघराला दोन दारं आणि वेगळा पंखा दिला आहे. उपाय पुरेसा नाही, आणि पुरेसा नसावा हेच योग्य.

आणि मग लो बर्थ. अर्ध्या टनाची गोठणपेटी, तिकीट फक्त एक हजार. जाग आणताना दोन फासे टाकायचे. बेरीज पाचापेक्षा कमी आली तर माणूस उठत नाही. हाताशी चांगला डॉक्टर नसेल तर हे सहांत एकदा घडतं. ही कल्पना ई. सी. टब यांच्या ड्युमारेस्ट कादंबऱ्यांमधून आलेली आहे, पण तिला जोडलेली लॉटरी अंगावर काटा आणते: किती जण जिवंत उठतील यावर झोपणाऱ्यांनीच आधी अंदाज लावायचा, दहा-दहा क्रेडिटचा गल्ला बरोबर सांगणाऱ्याला मिळतो, आणि तो स्वतःच उठला नाही तर कप्तानाला. फ्री ट्रेडरवर अशा वीस पेट्या असतात. त्या कुठे ठेवायच्या? मालाच्या कोठारात ठेवल्या तर ताफ्याला त्यांचा विसर पडतो. निवासाच्या बोळात, स्वयंपाकघराच्या वाटेवर ठेवल्या तर रोज सकाळी चहा घ्यायला जाणारा प्रत्येकजण वीस झोपलेल्या चेहऱ्यांसमोरून जातो. पुस्तिकेतल्या तिसऱ्या नकाशात त्या डॉक्टरच्या खोलीला लागून आहेत आणि मधली भिंत पातळ आहे. जे डॉक्टरचं पात्र घेतील त्यांनी तो नकाशा जरूर वापरावा.

नकाशे कसे वापरायचे याबद्दल सूचना आत आहेतच. माझी एक जास्तीची. नकाशा टेबलावर तयार ठेवू नका. कोरा चौकोनी कागद ठेवा, टेबल कुठे ते रेफरीने काढावं, आणि आपापली खोली खेळाडूंना काढू द्या. प्रत्येकाला खोलीत एकच वस्तू आणायची मुभा द्या, जी नियमपुस्तिकेच्या कुठल्याही तक्त्यात नाही. वरच्या वर्गाच्या प्रवाशाला सामान एक हजार किलो नेता येतं, लो बर्थवाल्याला दहा. ताफ्यातल्या माणसाला किती, हे कप्तान ठरवेल. पुस्तिकेतल्या पहिल्या नकाशात त्यासाठीच दहा खोल्यांना नुसते क्रमांक दिले आहेत, नावं नाहीत. पाच क्रमांकाची खोली इंजिनाला चिकटून आहे आणि ती रात्रभर थरथरते. नऊ क्रमांकाची सगळ्यांत मोठी आहे, पण तिचं दार बिघडलेल्या संडासासमोर उघडतं. खोल्यांचं वाटप खेळाडूंनी आपसात करायचं आहे, फासे न टाकता, आणि ते होईपर्यंत रेफरीने यान धक्क्यावरून हलू देऊ नये.